पुढची खोली नको म्हणणारी बाई

वरच्या मजल्यावरची खिडकी. रुंदी पाच फूट चार इंच. चार झडपा, मध्ये ओकचे तीन उभे दांडे. खिडकीची खालची पट्टी जमिनीपासून अकरा फुटांवर.

*

रहिवाशांनी आवाराला भिंत घालू नये. झुडपांचं कुंपण चार फुटांवर वाढू देऊ नये. रस्त्याकडच्या आणि मधल्या हिरवळीकडच्या खिडक्यांना ओढून घ्यायचे पडदे लावू नयेत, त्याने रांगेची शोभा जाते. कोंबड्या पाळू नयेत.

*

गिरणीतल्या एका टॅकलरनं तळघरात कोंबड्यांचं खुराडं बांधलं. बांधून झाल्यावर ते दारातून बाहेर निघेना. बायको म्हणाली, "आता रे?" तो म्हणाला, "आता काय, कोंबड्या खाली आणायच्या."

*

हॅम उकडलेलंच हवं, आणि जाड कापलेलं. मेलेल्या माणसाबद्दल आमच्याकडे शेवटचं बोलणं तेच असतं: हॅम देऊन पुरला, की नुसत्या पावावर.

*

डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या वर फक्त तेरा अंश असतो. दोन घरांमध्ये सत्तर फूट सोडले, तरच तो समोरच्या छपरावरून आत येतो.

*

घर नंबर ३१, पिकअप स्ट्रीट. पुढची खोली: दहा फूट बाय अकरा. सामान: घोड्याच्या केसांचा सोफा, पायपेटी, कुंडी, चिनी मातीचे दोन कुत्रे. वापर: वर्षातून बावीस वेळा.

*

वरचं हे शेवटचं टिपण मी लिहिलं होतं, १९०८ च्या शरद ऋतूत, मिस्टर पेनफोल्ड यांनी दिलेल्या वहीत. ते आमच्या कचेरीचे मालक आणि हॉलिनक्लफ या नव्या वसाहतीचे आर्किटेक्ट. मी त्यांचा नकाशे काढणारा. गिरण्यांच्या वर, डोंगराच्या उतारावर, धूर पोचत नाही अशा जागी सोसायटी एक्केचाळीस घरं बांधणार होती आणि राहणारेच तिचे भागीदार असणार होते. त्यासाठी जुन्या गल्ल्यांमधल्या साठ घरांत जाऊन विचारायचं होतं: पुढची खोली कधी वापरता?

उत्तरं सगळीकडे सारखीच. रविवारचा चहा, तोही पाद्री येणार असला तर. नाताळ. मुलगी बघायला कुणी आलं तर. आणि मयत.

पिकअप स्ट्रीटच्या एकतीस नंबरात माझी झिला मावशी राहायची. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तेव्हापासून मी तिचाच. तिलाही मी वही उघडून विचारलं. ती पीठ मळत होती.

"बावीस लिही," ती म्हणाली.

"मोजलंस?"

"तू विचारशील असं वाटलंच होतं. रविवार सगळे धरू नकोस. अर्धे रविवार मी दमलेलीच असते."

"म्हणजे बाकीचे तीनशे त्रेचाळीस दिवस खोली रिकामी."

"रिकामी नाही, तयार असते," मावशी म्हणाली. हे मी वहीत लिहिलं नाही. त्यासाठी रकाना नव्हता.

*

मिस्टर पेनफोल्ड दक्षिणेकडचे. आवाज मऊ, कोट खरखरीत. वाईट माणूस मुळीच नव्हते. आमच्या गल्ल्यांमधली पोरं पाय वाकडे घेऊन चालताना पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते खोटं नसायचं. ते माझ्या पाटापाशी उभे राहून पेन्सिलीने सूर्य आणायचे: एक तिरकी रेघ, समोरच्या छपरावरून थेट आमच्या घराच्या जमिनीपर्यंत.

"शॉरॉक, माणूस थडग्याइतकी जागा अडवून ठेवतो आणि तिला बैठकीची खोली म्हणतो. ती काढून टाका. एकच खोली द्या, मोठी. पुढून मागपर्यंत वीस फूट. सकाळी एका खिडकीतून ऊन, संध्याकाळी दुसऱ्या. मध्ये शेकोटी, शेकोटीच्या पोटात बसायला बाक. आणि वाचलेल्या जागेत आंघोळीचा टब. टब, शॉरॉक!"

"आणि जिना, सर?"

"जिना ही वाया गेलेली जागा. त्याला धुराड्याच्या कुशीत गुंडाळून ठेवा."

मी गुंडाळला. पंख्याच्या काड्यांसारख्या पायऱ्या, आतून निमुळत्या, बाहेरून रुंद, चारच पावलांत पूर्ण वळण. वर उतरतं छप्पर डोक्याला लागू नये म्हणून भिंतीचा एक कोपरा कापला. कागदावर तो शंखासारखा दिसायचा. माझ्या हातून निघालेली ती पहिली सुंदर गोष्ट, असं मला वाटलं होतं.

ते पत्रक क्रमांक सात. सोसायटीच्या आग्रहाखातर दुसरं एक काढावं लागलं, पुढची खोली असलेलं, टब नसलेलं. ते सात-अ. ते मी एका दुपारी उरकलं.

*

भागीदारांच्या मतदानाच्या सभेआधीच्या शनिवारी मी दोन्ही पत्रकं मावशीच्या टेबलावर पसरली. इनॉक काका शेकोटीपाशी बूट काढून बसले होते. ते गिरणीत टॅकलर, म्हणजे मागांची दुरुस्ती करणारे. टॅकलर हे अकलेनं मठ्ठ असा आमच्या गावात सार्वत्रिक समज आहे आणि त्यांच्यावर जितके विनोद आहेत तितके पाद्र्यांवरही नसतील. काकांना ते सगळे पाठ होते. स्वतःच सांगायचे.

मावशीनं पिठाचे हात पुसले, दोन्ही नकाशांवर वाकली आणि सात-अ वर बोट ठेवलं.

"हे."

"मावशी, आधी ऐक तरी."

"ऐकते ना. पण हे."

मी तिला ऊन सांगितलं. टब सांगितला. इनॉक काकांना आता स्वयंपाकघरात पत्र्याच्या घमेल्यात बसावं लागणार नाही, हे सांगितलं.

"मला घमेल्यात काही त्रास नाही," काका म्हणाले. "फक्त तू पाठ घासतेस ती जरा हळू घास."

"तुम्ही गप बसा." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "आणि हे गेले की यांना कुठे ठेवू?"

"अगं मी इथेच बसलोय, झिला!"

"म्हणून तर विचारतेय. नंतर कुणाला विचारू? तीन दिवस माणसं येणार, बघणार, बसणार. हे जेवायच्या टेबलाशेजारी पडून राहणार का? मी बटाटे सोलतेय आणि हे बघताहेत?"

मी हसलो. अजून ऐकू येतं मला ते हसणं. "हॉलिनक्लफच्या हवेत कुणी इतक्यात मरत नाही, मावशी."

"मग मी नाही येत," काका म्हणाले. "कंटाळून जाईन."

ती हसली नाही. नकाशाची एक सुरकुती तळव्यानं सपाट करत राहिली. मग मी खरं ते सांगितलं. सभेत बायका अडून बसतील अशी पेनफोल्डसाहेबांना भीती होती. साहेब बोलले तर म्हणतील, यांच्या घरात सात खोल्या. मी बोललो तर म्हणतील, हा साहेबांचा नोकर. पण आमच्यातल्याच कुणी बाईनं उठून सांगितलं तर. आणि हे काम पार पडलं की साहेब मला हाताखालचा आर्किटेक्ट करणार होते. म्हणाले नव्हते, पण बोलण्याचा रोख तोच होता.

 मावशीनं सात-अ ची गुंडाळी करून माझ्या हातात दिली.

"काय बोलायचं ते लिहून आण," ती म्हणाली. "नाहीतर राहू दे. माझं मी बोलीन."

*

सभा, चॅपलच्या शाळेचा हॉल, ११ फेब्रुवारी १९०९. इतिवृत्तातून:

मिसेस झिला एंटविसल (पिकअप स्ट्रीट) म्हणाल्या की पुढची खोली म्हणजे धूळ पुसायची आणखी एक जागा. त्यांनी एकोणीस वर्षं ती पुसली आहे आणि ती खोली त्यांना एकदाही थँक्यू म्हणालेली नाही. (हशा.) त्यांना पुढची खोली नको. त्यांना ऊन हवं.

पत्रक सातच्या बाजूने बावीस. सात-अ च्या बाजूने एकोणीस.

इतिवृत्तात नाही ते: बोलून झाल्यावर ती खाली बसली आणि तिनं हातमोजे घातले. बाहेर निघायला अजून तासभर होता.

*

१९१० च्या वसंतात ती दोघं नऊ नंबरात राहायला आली. उतरतं लाल कौलारू छप्पर, पांढरा गिलावा, काचेचे लहान लहान चौकोन. लोक ट्रॅमनं बघायला यायचे.

ऊन दक्षिणेला होतं, म्हणून घरांनी तोंड बागेकडे केलं होतं आणि पाठ रस्त्याकडे. दार एका बाजूला, कमानीखाली. पिकअप स्ट्रीटवर मावशी दर शुक्रवारी दाराची पायरी मऊ पिवळ्या दगडानं घासून पिवळी करायची. सगळी गल्ली करायची, आणि कुणाची पायरी कशी यावर माणसाची परीक्षा व्हायची. इथं पायरी कमानीच्या आत, कुणाला न दिसणारी. तरी ती घासायची. शेजारच्या मिसेस डकवर्थ म्हणाल्या, "कुणासाठी गं?" मावशी म्हणाली, "पायरीसाठी."

सोसायटीची प्रश्नपत्रिका, १९११, घर नंबर ९.

ऊन पुरेसं मिळतं का? — पुरेसं. सोफ्याचा रंग उडाला.

टबाचा उपयोग कसा होतो? — आंघोळीला. आम्ही त्यात कोळसा ठेवतो असं गावात कुणीतरी उठवलंय, त्याला माझ्याकडे पाठवा.

जिना सोयीचा आहे का? — चढायला बरा.

काही सूचना? — पोस्टमनला दार कुठंय ते सांगा.

*

तरीही तिनं पुढची खोली केलीच. कपडे वाळवायची लाकडी घोडी उभी करून तिच्यावर विटकरी रंगाची झालरीची चादर टाकली. मागे सोफा, पायपेटी, कुंडी आणि ते दोन कुत्रे. सहा फूट बाय सात असेल. रविवारी काका कॉलर लावून चादरीच्या पलीकडे जाऊन बसायचे आणि ओरडायचे, "आत येऊ का?"

"दार वाजवा की," मावशी म्हणायची.

"चादर कशी वाजवू?"

जून महिन्यात एका रविवारी मिस्टर पेनफोल्ड पाहुणे घेऊन आले. परदेशातले, नगररचनेचे, सात जण. नऊ नंबर नेहमी दाखवायचं घर, कारण सभेत बोलली ती बाई तिथं राहते, हे साहेब अभिमानानं सांगायचे. सगळे आत आले. साहेब हात पसरून म्हणाले, "पाहा, पुढून मागपर्यंत अखंड वीस फूट..." आणि थांबले. मध्ये विटकरी चादर होती.

 त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

मी पुढे झालो. चादर काढली, घडी केली, लाकडी घोडी मिटून भिंतीशी टेकवली. पाहुणे वाहवा म्हणाले. ऊन खरंच या टोकापासून त्या टोकापर्यंत पडलं होतं. सोफ्यावर काका कॉलर लावून, बशीतून चहा पीत बसलेले. कुणाकडे बघावं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी पाहुण्यांना विचारलं, "तुमच्याकडे टॅकलर असतात का हो?"

मावशी शेकोटीपाशी उभी होती. घडी केलेली चादर मी तिच्या हातात दिली. तिनं ती घेतली आणि म्हणाली, "कोपरे नीट जुळवले नाहीस, क्लेम."

त्याच उन्हाळ्यात मला हाताखालचा आर्किटेक्ट केलं.

*

इनॉक काका गेले ते १९१३ च्या जानेवारीत. छातीत कापूस बसला होता, चाळीस वर्षांचा. हॉलिनक्लफच्या हवेनं त्यांना तीन वर्षं जास्त दिली असतील. डॉक्टर तसं म्हणाले आणि मी ते धरून ठेवलं.

मिसेस डकवर्थनं त्यांना अंघोळ घातली, डोळ्यांवर नाणी ठेवली. कुठं ठेवायचं हा प्रश्न कुणी विचारला नाही. खाली एकच खोली, तिच्यात घरातली एकमेव शेकोटी, तिच्यावरच रांधायचं आणि तिच्याभोवतीच माणसं बसायची. काका वरच राहिले, उतरत्या छपराखाली. भेटायला येणारे एकेक करून शंखातून वर चढायचे, टोपी हातात, डोकं वाकवून. छपराला डोकं आपटल्याचा आवाज खाली यायचा आणि मावशी दर वेळी डोळे मिटायची.

एली क्रॉन्कशॉ आमच्याकडचा सुतार. पाळणेही तोच करायचा आणि शवपेट्याही. रिकामी पेटी त्यानं उभी करून, तिरकी करून, भिंतीचा गिलावा खरवडत कशीबशी वर नेली होती. गुरुवारी सकाळी त्यानं झाकण लावलं आणि आम्ही चौघांनी पेटी उचलली. पहिल्या वळणावर ती अडकली.

मागे घेतली. पाय पुढे करून पाहिली. कुशीवर करायची सोय नव्हती. एलीनं फूटपट्टी काढली, जिना मोजला, पेटी मोजली. मग पुन्हा मोजली, कारण त्याला माझ्याकडे बघायचं नव्हतं.

"उभी केली तर जाईल," तो हळूच म्हणाला.

"डोक्यावर उभं करणार त्यांना?" मावशी जिन्याच्या तळाशी होती. तिला सगळं ऐकू येत होतं. त्या घरात सगळ्यांना सगळं ऐकू यायचं.

"नाहीतर झिलाबाई, पेटी खाली नेऊ मोकळी, आणि त्यांना चादरीत घेऊन मी खांद्यावरून..."

"पोतं आहे का ते, एली? चाळीस वर्षं गिरणीत होता माझा माणूस. रीतसर घराबाहेर जाईल."

 एलीनं खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ओकचा आहे?"

"ओकचा," मी म्हणालो. "मधला दांडा काढला तर एकतीस इंच मिळतात."

"तुला पाठच आहे म्हणायचं." त्यानं करवत माझ्या हातात दिली. "टॅकलर नक्की कोण होता रे, तुझा काका की तू?"

मी कोट काढला आणि कापायला लागलो. तो दांडा मी पाच वेळा काढला होता कागदावर: कड किती गोल घ्यायची, पाणी कुठून ओघळेल, सावली कशी पडेल. ओक कापायला वेळ लागतो. भुसा पेटीवर पडत होता. तो मी तळव्यानं पुसला, पुन्हा पडला, पुन्हा पुसला. 

बाहेर दोन शिड्या लावल्या, त्यांच्यावर फळ्या, आणि दोन दोर. पेटी खिडकीतून निघाली तेव्हा मी वरचा दोर धरला होता, म्हणून मला समोर सगळं दिसलं. हिरवळीच्या भोवती चाळीस घरं. गल्लीत कुणी वारलं की आमच्याकडे सगळ्या खिडक्यांचे पडदे खाली येतात. इथं पडदे लावायची मनाई. लोकांनी खिडक्यांना मेजावरची कापडं लावली होती. चादरी, शाली, एका घरानं तर पायजमा आणि त्याला जोडून परकर. एकही काच उघडी नव्हती. माझी सुंदर रांग सगळी ठिगळं लावल्यासारखी झाली होती. इतकी बरी ती आधी कधी दिसली नव्हती, नंतरही नाही.

पेटी सावकाश खाली गेली. फळीवर एकदा घसरली आणि चार हात एकदम पुढे झाले. मावशी काळी टोपी घालून बागेत उभी होती, मागच्या अंगणात, कारण खिडकी बागेच्या बाजूला होती. म्हणजे साहेबांच्या हिशोबानं घराच्या पुढच्या बाजूला.

मी खाली आलो. हाताला दोराचे वळ आले होते. तिनं माझा हात हातात घेऊन पाहिला, जसा लहानपणी पाहायची.

"खिडकी बाकी चांगली रुंद ठेवली होतीस," ती म्हणाली.

टोमणा असता तर मी तो घेतला असता. मला त्या क्षणापर्यंत तिचे सगळे टोमणे ओळखू यायचे.

हॅम होतं. जाड कापलेलं. माणसं ताटं घेऊन टेबलाभोवती उभीच राहिली, कारण बसायला दुसरी खोली नव्हती.

*

मे महिन्यात ती परत पिकअप स्ट्रीटला गेली. एकतीस नंबर दुसऱ्याला दिलं होतं. तिला एकोणचाळीस मिळालं. तेच घर, फक्त आरशात पाहिल्यासारखं उलटं. दार थेट फुटपाथवर. खिडकीतून समोरची भिंत आणि भिंतीवर काजळी. ऊन जूनमध्ये वीस मिनिटं.

मिस्टर पेनफोल्ड यांना फार वाईट वाटलं. "त्या हवेला कंटाळल्या?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "जिना चढवत नव्हता, सर." त्यांनी मान हलवली. पुढच्या चाळीस घरांचा जिना त्यांनी चार इंचांनी रुंद करायला सांगितला. पुढची खोली कुठल्याच घराला दिली नाही.

मी रविवारी मावशीकडे जायचो. ती मला पुढच्या खोलीत बसवायची. मी सांगून पाहिलं, मावशी, मी काही पाद्री नाही, स्वयंपाकघरात बसतो. ती म्हणायची, "बस इथेच. तयार आहे." सोफ्याचा उडालेला रंग तिनं जाळीदार रुमालानं झाकला होता. मी चहा प्यायचो आणि दर रविवारी ठरवायचो की आज बोलायचं. त्या दुपारी हसलो त्याबद्दल. घडी केलेल्या चादरीबद्दल. सभेबद्दल. मग आम्ही हवेबद्दल बोलायचो. कोळशाबद्दल. मिसेस डकवर्थच्या गुडघ्याबद्दल. आठ वर्षांत चारशेच्या वर रविवार होतात. मोजायची सवय मला तशी होतीच.

एकदाच मी तोंड उघडलं. म्हणालो, "मावशी, त्या सभेत तू..."

"थंड होईल," तिनं कपाकडे बोट दाखवलं.

१९२१ च्या मार्चमध्ये ती गेली. तीन दिवस पुढच्या खोलीत होती. माणसं आली, बसली, उठली, दुसरी बसली. निघताना एली क्रॉन्कशॉनं पेटी उचलली आणि सोफ्यापासून रस्त्यापर्यंत सात पावलं मोजली. मोठ्यानं मोजली, मला ऐकू जावीत म्हणून. सातव्या पावलाला ती पायरी होती. शुक्रवार होता आणि कुणीतरी शेजारणीनं ती घासून पिवळी केली होती.

*

आता सोसायटीला पंचवीस वर्षं होताहेत. प्रदर्शन आहे, मूळ नकाशे हवेत असं पत्र आलं. माळ्यावरची पत्र्याची नळी काढली. सातच्या आत गुंडाळलेलं सात-अ निघालं. एका दुपारी उरकलेलं, छायाही न दिलेलं. पंचवीस वर्षांत मी ते उघडलं नव्हतं. पुढच्या खोलीत आणि मागच्या खोलीत एक बोळ आहे, तीन फुटी. बोळात जिना आहे. तो सरळ आहे. वरून खाली, थेट दारापर्यंत.

त्याच्यावर एका कोपऱ्यात पिठाचा डाग आहे. बोटाचा.

प्रदर्शनाला मी सात पाठवलं.

१८९९ आणि १९०० या दोन हिवाळ्यांत पिकअप स्ट्रीट, घर नंबर ३१ ची पुढची खोली रोज संध्याकाळी वापरात होती: मावशी तिथं शेकोटी पेटवून द्यायची, आणि मी तिथं नकाशे काढायला शिकलो.